सेटअप शीट आणि आपला मुरूम

सेटअप शीट नावाचा एक कागद असतो. आरसी बग्गी, म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी रेसची गाडी, ती चालवणाऱ्यांच्यात या कागदाला भलताच मान. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या लेव्हलचे ड्रायव्हर रेस झाली की गाडीचं सगळं सगळं लिहून टाकतात, पुढच्या शॉकअपमध्ये कितीचं तेल, पिस्टनला किती भोकं, स्प्रिंग कुठल्या रंगाची, कॅम्बर म्हणजे चाकांचा उभा कल किती, मागच्या चाकांचा टो म्हणजे ती आतल्या बाजूला किती वळवलीत, बॅटरी पुढे सरकवलीय का मागे, कुठल्या बोल्टखाली किती मिलिमीटरचा वॉशर, आणि हे सगळं फुकट, कोणीही डाउनलोड करा. लपवाछपवी नाहीच. मला आधी वाटायचं काय हे, घरचं गुपित चव्हाट्यावर मांडून बसलेत. आता नाही वाटत. कारण तो कागद तंतोतंत लावलेली गाडी वाघोलीच्या पुढच्या मुरुमावर सोडली की काय होतं ते डोळ्यांनी बघितलंय. पहिल्याच वळणावर एक पूर्ण गिरकी, मग धूळ, मग शांतता, मग कोणीतरी पळत जाऊन गाडी सरळ करतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक दशांश स्केलची टू व्हील ड्राइव्ह बग्गी, वजन दीड-पावणेदोन किलो, लांबी हातभर, बॅटरी टू एस लायपो म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्टची, फुल चार्ज केली की ८.४. पळते म्हणजे अक्षरशः पळते, सरळ पट्ट्यात सोसायटीतल्या ॲक्टिव्हाला मागे टाकेल. आणि खऱ्या गाडीत जे जे सस्पेन्शनचं असतं ते सगळं हिच्यात असतं, फक्त तळहातावर मावेल एवढं. खेळणं म्हणू नका, आमच्यातले लोक चिडतात. (बायका खेळणंच म्हणतात, त्यांच्यावर कोण चिडणार.)

तर मुरूम. आपला मुरूम म्हणजे झिजलेला, कुजलेला काळा दगड, बेसॉल्टचा भुगा. एका मित्राच्या नातेवाइकांचा एनए होऊन पडलेला प्लॉट आहे, बिल्डिंग उभी राहीपर्यंत तिथे आमचा ट्रॅक. काळे पाइप जमिनीला ठोकून वळणं केलीत, दोन जम्प, एक टेबलटॉप म्हणजे वरून सपाट उंचवटा, आणि ड्रायव्हरनी उभं राहायला मांडववाल्याकडून आणलेली फळी. डिसेंबरात सकाळी सातला जा, दंवाने माती ओलसर असते, घट्ट बसलेली, गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते आणि सगळ्यांना वाटतं वा, आज सेटअप जमला. दहा वाजले की ऊन चढतं, ओल उडते, वरचा थर सुटा होतो आणि त्याचा फुफाटा. तीच गाडी, तेच टायर, तोच माणूस, आणि आता ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग पुढे यायला बघतो. म्हणजे एकाच सकाळी दोन वेगळे ट्रॅक. आता तो युरोपातला चॅम्पियन बिचारा यात काय करणार? तिथे तर बऱ्याच रेस आता मातीवर होतच नाहीत, ॲस्ट्रोटर्फवर म्हणजे नकली गवतावर नाहीतर चक्क कार्पेटवर होतात. कार्पेटवर पळवायची आणि नाव ऑफ-रोड! १९८४ मध्ये टीम असोसिएटेड या कंपनीची आरसी१० ही बग्गी आली, सोनेरी ॲल्युमिनियमची चॅसी आणि तेलाचे शॉकअप असलेली, आणि १९८५ ला कॅलिफोर्नियातल्या डेल मारला ऑफ-रोडची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हा सगळा मामला मातीचाच होता. कार्पेटला ग्रिप इतकी की गाडी घसरत नाही, उलटते, म्हणून गाड्या खुज्या झाल्या, मोटर मागच्या ॲक्सलच्या मागून उचलून मधे आली. आपल्याकडच्या सुट्या मातीला मात्र वजन मागेच लागतं, तरच मागची चाकं जमीन धरतात. त्यामुळे आमच्या इथे कोणाची जुनी, मागे मोटर असलेली बग्गी विकायला निघाली की भाव करत बसायला वेळ नसतो.

आता पुणं असल्यामुळे सल्ल्याची कमी नाही. १९६६ पासून एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे, जिच्यामुळे अख्ख्या टेकडीला लोक एआरएआय टेकडी म्हणतात, आणि पिंपरी-चाकणमधल्या कंपन्यांतून रिटायर झालेली माणसं तर गल्लोगल्ली. त्यातलेच एक काका आमच्यात येतात. उभी हयात सस्पेन्शनमध्ये गेली. स्वतःची गाडी नाही, घ्यायची इच्छाही नाही, फोल्डिंगची खुर्ची आणि थर्मास घेऊन येतात, बसतात, बघतात. आणि मग बोलतात. त्यांचा नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्प्रिंग बदलली तर तेलाला हात लावायचा नाही. तेल बदललं तर कॅम्बरकडे बघायचंही नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण गाडी तीनदा उलटली की माणसाचे हात शिवशिवतात, तो चारही शॉकअप खोलून बसतो, टायर बदलतो, बॅटरी मागे ढकलतो, आणि मग गाडी सुधारली तर कशामुळे सुधारली ते त्याला आयुष्यात कळत नाही.

काकांनीच एकदा मला स्प्रिंग आणि तेल यांचा हिशोब सांगितला होता, तो तेव्हापासून डोक्यात बसलाय. "हे बघ, गाडी किती खाली बसणार ते स्प्रिंग ठरवते आणि किती भरभर बसणार ते तेल ठरवतं. तुम्ही लोक दोन्ही एकच धरून चालता." खरंय. गाडी वळणात फार झुकते म्हणून लोक जाड तेल घालतात, मग झुकायला वेळ लागतो पण झुकायची तेवढीच झुकते, आणि वर खड्ड्यांवर गाडी टणाटण उडायला लागते ते वेगळंच.

शॉकअप भरणं हे मात्र माझं आवडीचं काम. शनिवारी रात्री डायनिंग टेबलवर जुना पेपर, त्यावर टॉवेल, आणि चार शॉकअप उभे. बॉडी काठोकाठ भरायची, पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा, अगदी हळू, घाई केली की तेल फेसाळतं. खालून बारीक बुडबुडे निघतात, वर येतात, काठाशी जरा रेंगाळतात आणि फुटतात. सगळे गेले वाटलं की अजून एक येतो. मग तसंच ठेवून द्यायचं, चहा करायचा. झाकण लावताना थोडं तेल ओघळतंच, सिलिकॉनचं तेल, त्याला ना वास ना रंग, पण बोटांना जे बसतं ते बसतं, साबणाने धुवा, बेसनाने धुवा, दुसऱ्या दिवशी मोबाईलच्या स्क्रीनवर बोट ठरत नाही. शेवटी डावा आणि उजवा एकमेकांसमोर धरून दाबायचे, टोकाला टोक लावून. दोन्ही सारखे आत गेले तर जमलं. एक आधी आत जातोय म्हणजे कुठेतरी हवा राहिलीय किंवा तेल कमी-जास्त झालंय, मग परत खोला. हे एवढं सगळं करून फरक किती पडतो असं घरून विचारलं जातं. पडतो. डावं वळण आणि उजवं वळण गाडी वेगवेगळी घ्यायला लागली की कळतं किती पडतो ते.

तेलाचा नंबर हा एक वेगळाच वादाचा विषय. बाटलीवर ३० वेट, ३५ वेट असं लिहिलेलं असतं आणि एका कंपनीचं ३५ म्हणजे दुसऱ्या कंपनीचं ३५ नव्हेच. म्हणून जाणकार लोक सीएसटीमध्ये, म्हणजे तेलाचा घट्टपणा मोजायच्या सेंटिस्टोक्स या एककात बोलतात, साडेतीनशे, सव्वाचारशे, पाचशे. त्यात परत हवामान. थंडीत तेल घट्ट होतं, उन्हात पातळ होतं. बाकीच्या तेलांपेक्षा सिलिकॉनमध्ये हा फरक कमी पडतो, पण डिसेंबरातली सकाळ आणि एप्रिलची दुपार यांच्यात आपल्याकडे अंतरच एवढं असतं की ते जाणवतंच. म्हणून थंडीला एक नंबर पातळ आणि उन्हाळ्याला एक नंबर जाड. आमच्यातला एक अकरावीतला पोरगा, पैसे वाचवायला म्हणून, काकांना विचारत होता की शिलाई मशीनचं तेल चालेल का, नाहीतर बाईकच्या फोर्कचं. काका म्हणाले, "घाल की. सील फुगतील, शाफ्ट अडकेल, मग ये माझ्याकडे." नाही घातलं त्याने.

पिस्टनची भोकं हा त्याच्याही पुढचा भाग. भोकं बारीक असली की गाडी हळू बसताना सगळं ठीक असतं, पण जम्पवरून धाडकन खाली आली की तेवढं तेल तेवढ्या वेळात त्या भोकांतून जाऊच शकत नाही, शॉकअप क्षणभर लाकडासारखा घट्ट होतो. मोठ्या जम्पला हेच हवं असतं, चॅसी जमिनीवर आपटत नाही. खड्ड्यांना मात्र हेच नको असतं, चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी गाडीच वर उचलली जाते. मग मोठी भोकं आणि जरा जाड तेल. आमच्या ट्रॅकवर जम्प दोन आणि खड्डे मोजता येत नाहीत इतके, त्यामुळे उत्तर काय ते उघड आहे. पुण्यात रोज टू-व्हीलर चालवणाऱ्याला तर हे समजावून सांगायचीही गरज पडू नये.

खरी गंमत पुढच्या आणि मागच्या भागाची. एकत्र कुटुंबातल्या दोन जावा असतात ना, तसं. मोठीचं कौतुक केलं की धाकटी रुसते. पुढची स्प्रिंग मऊ केली, पुढची ग्रिप वाढली, गाडी छान वळायला लागली, आणि त्याच क्षणी मागून सुटायला लागली. मागे तर काहीच केलं नव्हतं! पण पुढे वाढलं म्हणजे मागे कमी झाल्यासारखंच. मग मागच्या चाकांचा टो तीनचा साडेतीन डिग्री केला, मागून शांत झाली, आता पुढून ढकलायला लागली, वळणात स्टिअरिंग पूर्ण मारलं तरी बाईसाहेब सरळ पाइपकडे. लोक ग्रिप ग्रिप करतात पण नुसती ग्रिप वाढवून कोणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही, कुठेतरी थोडी कमी करायला लागते, आणि हे मनाला पटायला फार वेळ लागतो कारण आपण दुकानातून विकत आणतो ते सगळं ग्रिप वाढवण्यासाठीच असतं.

बाकी धूळ बेअरिंग खाते, ५ बाय १० बाय ४ ची बेअरिंग घ्यायला बोहरी आळीत गेलं की दुकानदार विचारतो कुठल्या मशीनला, आणि काय सांगावं कळत नाही. असो.

त्या अकरावीतल्या पोराचं सांगायचं राहिलं. त्याच्याकडे सगळ्यांपेक्षा नवी गाडी, मागवलेल्या स्प्रिंगांचा पूर्ण सेट, आणि मासामी हिरोसाका म्हणजे चौदा वर्ल्ड टायटल जिंकलेला जपानी माणूस, त्याच्या जमान्यापासूनच्या सेटअप शीट मोबाईलमध्ये सेव्ह केलेल्या. गाडी भयंकर फास्ट आणि प्रत्येक लॅपला एकदा तरी उलटी. दर दहा मिनिटांनी काहीतरी खोलायचा. "काका, मागून सुटतीये." "काका, आता कॅम्बर दीड केला." काका शेवटी खुर्चीतून उठले, जे ते सहसा उठत नाहीत, आणि म्हणाले, "रिमोट दे इकडे." रिमोटवर ड्युअल रेट नावाची एक सेटिंग असते, स्टिअरिंग पूर्ण मारलं की चाकं जास्तीत जास्त किती वळणार ती. त्याची शंभरवर होती. काकांनी ती सत्तरवर आणली. ना पाना, ना तेल, ना एक रुपया खर्च. "आता चालव. आणि बोट जरा हळू."

पोरगा सलग लॅप मारत गेला. एकदाही उलटला नाही, आणि टायमिंग बघितलं तर आधीच्यापेक्षा चांगलंच कमी. आम्ही फळीवरून टाळ्या वाजवल्या. तो मात्र फार काही खूश दिसला नाही, स्प्रिंगचा डबा उघडून नुसताच बघत बसला, कारण एवढ्या सामानातलं काहीच कामाला आलं नव्हतं ना. काका म्हणाले, "अरे, सेटअप गाडीचा नाही, तुझ्या हाताचा केला." त्याने मान हलवली. आणि सामान आवरताना, काका थर्मास बंद करायला वळले तेवढ्यात, त्याने रिमोटवरचा आकडा गुपचूप परत शंभरवर नेला.