संपाताचा सूर्य आणि अंबाबाईचं महाद्वार

मेक्सिकोत चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर संपाताला, म्हणजे दिवस-रात्र समान मानतात त्या दिवशी, सावलीचा साप पायऱ्यांवरून उतरतो आणि तो बघायला जगभरातून माणसं जातात. आपल्याकडे कोल्हापूरची किरणोत्सवाची अंबाबाई आहे; वर्षातून दोनदा मावळतीची किरणं थेट देवीपर्यंत पोचतात, तो किरणोत्सव. तिच्या गाभाऱ्यात संपाताला ऊन येत नाही हे ठाऊक होतं. का येत नाही, ते जागेवर उभं राहून बघायचं होतं. 2025 ला योगही नामी होता. 22 सप्टेंबरला शरद संपात आणि त्याच दिवशी घटस्थापना.

आदल्या दिवशी पोचलो तर सर्वपित्री अमावस्या, पंचगंगेच्या घाटावर तर्पणाची गर्दी. जपानमध्येही संपाताच्या आठवड्यात घरची मंडळी पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, हिगान म्हणतात त्याला. त्यांचा हिगान सूर्याला बांधलेला आणि आपला पितृपक्ष चंद्राला. त्या वर्षी दोघं शेजारी आले एवढंच.

सकाळी तोफेच्या सलामीनं घट बसले. दर्शनाच्या रांगेबद्दल काय लिहायचं, नवरात्रातली रांग ती! दुपार कलल्यावर पश्चिमेकडच्या महाद्वारापाशी फोनमधलं होकायंत्र काढून उभा राहिलो. पोलिसदादांनी दोनदा पुढं सरकवलं, पण काम झालं. संपाताला सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो. किरणोत्सव असतो 9 ते 11 नोव्हेंबर आणि पुन्हा जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला. तेव्हा तो पश्चिमेच्या 17-18 अंश दक्षिणेला सरकलेला असतो, म्हणूनच किरणं महाद्वारातून थेट आत शिरतात; आधी चरण, मग छाती, मग मुख. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस आणि तिथून 31 जानेवारीही 41 दिवस. म्हणजे देवळाचं गणित संपाताशी नाहीच, दक्षिणायनाच्या शेवटाशी, म्हणजे 21 डिसेंबरशी, आहे. जाताना एकदा आणि परत येताना एकदा, सूर्य वर्षातून दोनदा त्याच जागी मावळतो. संपातावरच देवळं बांधायची असा काही नियम नाही, आणि मला तर करवीरची ही तिरकी मांडणी जास्त आवडली.

सूर्यास्त रंकाळ्यावर. ढगांच्या फटीतून लालबुंद बिंब दिसलं, तेवढंच. सूर्योदय सहा बावीसला, सूर्यास्त सहा एकोणतीसला, म्हणजे दिवस बारा तासांहून सातेक मिनिटं मोठाच. बिंबाची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो, शिवाय हवा किरणं वाकवून सूर्याला जरा उचलून दाखवते. कोल्हापुरात दिवस-रात्र खरी समसमान होते ती सात-आठ दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्यापुढं मसाई पठार. सोनकीचा पिवळा सडा, ओलसर कातळावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. वाकून बघितलं तर एकेक फूल बोटाच्या नखाएवढं. त्यांच्या पानांमुळांशी बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले किडे अडकतात.

उतरताना एका उसाच्या फडाशी गाडी थांबवली. ऊस दिवसाची लांबी ओळखतो. सप्टेंबरच्या आसपास दिवस साडेबारा तासांवर आला की कोंब पानं काढायचं सोडून तुऱ्याच्या, म्हणजे फुलोऱ्याच्या, तयारीला लागतो. बांधावरच्या मामांना विचारलं, तुरा कधी दिसेल?

"दिवाळी होऊ दे की. तुरा आला की वाढ खुंटली बघा. मग पांगशा फुटत्यात, ऊस पोकळ पडतोय. कारखान्याची तोड वेळेत मिळाली तर बरं, न्हाईतर वजन गेलंच म्हणायचं."