झाकल्या जाणाऱ्या कामाची हयगय

गाडीचे असो किंवा घराचे, दुरुस्तीच्या कामात जो भाग शेवटी झाकला जाणार असतो, नेमकी तिथेच हयगय का होते, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. पुसलेली टाकी, चकचकीत नळ, झाडून स्वच्छ केलेली गच्ची हे सगळे व्यवस्थित असते. आतला बोल्ट, भिंतीतली वायर आणि कोब्याखालचा थर मात्र कसाबसा उरकलेला असतो. काम करताना माणसाच्या हातून चूक होते, हे मी समजू शकतो. परंतु चूक झाल्याचे स्वतःला कळलेले असताना ती झाकून पूर्ण पैसे घेणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होत नाही.

उन्हाळ्यात माझ्या मोटारसायकलची सर्व्हिसिंग करून घेतली आणि थोड्याच दिवसांत पार्किंगच्या फरशीवर तेलाचे थेंब दिसू लागले. दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी नेली, तेव्हा त्याने इंजिनखालचा ऑइलचा बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला. त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे दिलेले होते, वरून एम-सील थापलेले होते आणि टेपच्या घड्यांत ॲल्युमिनियमचा बारीक, चमकणारा कीस अडकलेला होता. म्हणजे बोल्ट बसतो त्या भोकातले आटे गेले आहेत हे आधीच्या माणसाला पक्के ठाऊक होते.

हे कसे घडते ते पाहिले की संताप आणखी वाढतो. या बोल्टाखाली एक छोटा वॉशर असतो. बोल्ट आवळला की तो दबून घट्ट बसतो, म्हणून तेल बदलताना तोही बदलायचा असतो. जुनाच वॉशर परत लावला की तेल पाझरते. पाझर थांबावा म्हणून लांब पान्याने बोल्ट आणखी आवळला जातो. बोल्ट पोलादी आणि इंजिनचे आवरण ॲल्युमिनियमचे असल्यामुळे नरम धातूतले आटे निघून येतात. अनेक मोटारसायकलींच्या या बोल्टाला 20 ते 30 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पुरतो आणि गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. काही रुपयांचा वॉशर वाचवण्यापायी इंजिनाचे आवरण खराब झाले आणि त्यावर टेप गुंडाळून गाडी माझ्या ताब्यात दिली गेली. घाटात तेल संपून इंजिन जाम झाले असते तर काय, हा विचार त्या हातांना शिवलाही नसावा.

ती गाडी दुरुस्त झाली ती आमच्याच कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत. तिथल्या कारागिराने आधी टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस फासले, कारण कीस ग्रीसला चिकटतो आणि इंजिनात पडत नाही. त्याने मोठे आटे पाडले, त्यात नव्या आट्यांचे काम करणारे पोलादी तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, बसवले, आतून तेल ओतून उरलासुरला कीस धुऊन काढला, नवा वॉशर घातला आणि मगच बोल्ट लावला. त्याने जे केले त्यातले आता बाहेरून काहीही दिसत नाही.

म्हणूनच आपल्याकडे कारागीर नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतली कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, देशभरच्या वाहन कारखान्यांत जातात आणि तिथे ठरलेल्या मापाबाहेरचा फरक चालवून घेतला जात नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला. हात आहेत, डोकेही आहे. पण कारखान्यात माल तपासणारा कोणीतरी असतो, तसा तपासणारा आपल्या बाथरूममध्ये आणि गच्चीवर नसतो.

बाथरूमचा अनुभव तर जिवावर बेतण्यासारखा होता. गीझर बदलल्यानंतर नळाला हात लावला की मुंग्या येतात, असे आई सांगू लागली. बोर्ड उघडला तेव्हा अर्थिंगची हिरवी वायर बुडापासून कापून आत कोंबलेली आढळली. बसवणाऱ्या वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "काय होत न्हाई ओ साहेब, दोन वायरींवर गीझर चालतोय की." गीझर चालतो हे खरेच आहे. आतले कॉइल खराब होऊन वीज पाण्यात किंवा धातूच्या भागात उतरली, तर तिला सुरक्षित वाट देण्यासाठी ती तिसरी वायर असते, आणि ती नसेल तर ओल्या अंगाचा माणूस तिची वाट होतो. शिवाय 2 किलोवॉटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढतो, तरीही त्याला 6 अँपिअरचा सॉकेट दिलेला होता. दुसऱ्या वायरमनकडून हे सारे नव्याने करून घेतले आणि 30 मिलीअँपिअर वीज गळली तरी आपोआप पडून पुरवठा तोडणारा आरसीसीबी हा स्विचही बसवला.

लोक दर पाडून मागतात, मग काम असेच होणार, असे यावर सांगितले जाते. दर पाडले जातात हे खरे आहे आणि गॅरेजमधल्या पोरांना कामामागचे कारण कोणी समजावत नाही, हेही खरे आहे. पण हिरवी वायर जोडायला काही मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही. तिथे दराचा प्रश्न येतोच कुठे? सेवेतील त्रुटीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे जाता येते, परंतु अशा कामांची पक्की पावती आपण घेत नाही आणि ते देत नाहीत, त्यामुळे दाद मागायला हातात कागदच राहत नाही.

आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले, तेव्हा हा कागद आधी करायचे आम्ही ठरवले. पूर्वीच्या कंत्राटदाराने कोब्याला नीट उतार दिला नव्हता, कठड्याच्या कोपऱ्याला गोलाई दिली नव्हती आणि कोबा घातल्यावर दोन दिवसांत पाणी मारणे बंद केले होते. जुलैत झड लागली की वरच्या मजल्यावर पातेली मांडावी लागत. नव्या करारात आम्ही शंभर फुटांना किमान एक फूट उतार, किमान दहा दिवस पाणी मारणे आणि शेवटी गच्चीत तीन दिवस पाणी तुंबवून चाचणी, असे लिहिले. प्रत्येक थर झाकण्यापूर्वी आम्हाला दाखवायचा आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटल्यावर मिळेल, या अटीही घातल्या. पहिल्या कंत्राटदाराने अटी वाचून कागद परत केला. दुसऱ्याने सगळ्या मान्य केल्या आणि आपलीही एक अट पुढे ठेवली: काम झाल्यावर कोणीही डिश अँटेना किंवा सोलर बसवण्यासाठी गच्चीला भोक पाडायचे नाही, पाडले तर कंत्राटदाराची जबाबदारी संपली. ती अट आम्ही करारात लिहून घेतली आणि खाली सगळ्या फ्लॅटधारकांच्या सह्या घेतल्या.