एका बेंटलीचे चार अवतार

लंडनच्या नैऋत्येला, वेब्रिज गावाला लागून, ब्रुकलँड्सचा जुना रेसट्रॅक आहे. वोकिंगला भाच्याकडे उतरलो होतो, तिथून अगदी जवळ. आता तिथे म्युझियम आहे. पण मला आधी बघायचं होतं ते बाहेर, उघड्यावरच पडलेलं: मेंबर्स बँकिंग, म्हणजे ट्रॅकचं एका बाजूने उचललेलं वळण.

ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने १९०७ साली स्वतःच्या जमिनीवर, पदरचे पैसे घालून हा पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा ट्रॅक बांधला. वळणावर गाड्यांना वेग आवरावा लागू नये म्हणून बाहेरची कड उचललेली, जवळजवळ तीस फुटांपर्यंत. खालून बघितलं तर हा रस्ता वाटतच नाही, धरणाची भिंत वाटते. चढताना पोटऱ्या भरून येतात. काँक्रीट जागोजागी खचलंय, सांध्यांतून गवत आलंय, सावलीतल्या भागावर शेवाळ. १९३९ नंतर इथे शर्यत झालेली नाही. युद्धात सगळी जागा विमानांच्या कारखान्यांनी घेतली आणि ट्रॅकचे तुकडे पडले.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी ५०० मैलांच्या शर्यतीत याच बँकिंगची कड ओलांडून एक बेंटली पलीकडच्या झाडांत गेली. चालवत होता क्लाइव्ह डनफी. थोड्याच वेळापूर्वी त्याने भाऊ जॅककडून गाडी हातात घेतली होती. तो जागीच गेला. बायको, अभिनेत्री जेन बॅक्स्टर, शर्यत बघायला आली होती.

ती बेंटली साधीसुधी नव्हती. ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात ती हीच. साडेसहा लिटरच्या इंजिनाची ही ‘स्पीड सिक्स’ मॉडेलची गाडी १९२९ मध्ये फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांच्या हाती. त्या वर्षी पहिले चारही नंबर बेंटलीचेच! पुढच्या वर्षी बार्नाटोने ग्लेन किडस्टनला जोडीला घेऊन हीच गाडी पुन्हा पहिली आणली. बार्नाटो म्हणजे किंबर्लीच्या हिऱ्यांच्या पैशाचा वारस आणि बेंटली कंपनीचा अध्यक्षही. हौसेला मोल नाही, त्यातला प्रकार. एवढं होऊनही १९३१ मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली.

गाडी मात्र धावत राहिली आणि बदलतही राहिली. अपघाताच्या वेळी तिच्यात आठ लिटरचं इंजिन होतं. अपघातानंतर बार्नाटोने ती पुन्हा बांधून घेतली, ती शर्यतीसाठी नव्हे, तर रस्त्यावर फिरवायला, वर बंद कूपे बॉडी चढवून. पुढच्या मालकांच्या काळात ती बॉडीही उतरली आणि ल मांच्या दिवसांतल्यासारखी उघडी बॉडी बसली.

मग १९९० साली मामला लंडनच्या हायकोर्टात गेला. सौदा ठरला होता सुमारे एक कोटी पौंडांना. घेणारी कंपनी मागे फिरली: ही ती गाडीच नाही, हिच्यात १९२९ चं आहे काय? प्रश्न बिनतोड होता. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा हिशेब मांडला. १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. जे जुनं होतं त्यातलं बरंचसं १९३२ च्या बांधणीतलं. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. गाडी एका जागी संपून दुसरीकडे नव्याने सुरू झाली असं कधी घडलं नाही, तिचा इतिहास सलग आहे, आणि या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली नाही, असं कोर्टाने धरलं.

हे सगळं मी बँकिंगवर बसून भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “मामा, ही चक्क फसवणूक आहे. इंजिन दुसरं, बॉडी दुसरी, राहिलं काय?”

माझं कॉलेज औरंगाबादच्या नागसेनवनातलं, मिलिंद महाविद्यालय. त्यामुळे मला ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा आठवणारच. भिक्खू नागसेनाने राजाला विचारलं, रथातून आलास ना, मग सांग, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणत गेला. हे सगळं एकत्र आलं की त्याला रथ म्हणायचं, एवढंच, हे शेवटी राजानेच कबूल केलं. लंडनच्या कोर्टात वकिलांनी याच प्रश्नावर भरमसाट फी घेतली असणार.

आत म्युझियममध्ये नेपियर-रेल्टन उभी आहे. चोवीस लिटरचं विमानाचं इंजिन, बारा सिलिंडर तीन रांगांत, उघड्या ॲल्युमिनियमची चकचकीत बॉडी. जॉन कॉबने १९३५ मध्ये ताशी १४३.४४ मैलांनी इथली फेरी मारली, तो विक्रम ट्रॅक बंद होईपर्यंत टिकला. तेव्हा हिला ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते, आणि एवढ्या वेगाला! भाच्याला ती पसंत पडली. “ही बघा, ही खरी.”

मला कोर्टाचा निकाल पटतो. शर्यतीच्या गाडीचं इंजिन बदलणं, चासी म्हणजे खालचा सांगाडा बदलणं, पाटे बदलणं हे तिचं रोजचंच जगणं होतं. गाडी चालती ठेवायची तर दुसरा इलाज नव्हता. मला खटकते ती शेवटची बॉडी. क्लाइव्हच्या मृत्यूनंतर बार्नाटोने चढवलेली कूपे बॉडी याच गाडीचा खरा, घडलेला भाग होती. ती काढून १९२९ चा चेहरा परत चढवला, कारण जिंकलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं. मालक मी असतो तर कूपेच ठेवली असती, आणि हो, एक कोटी पौंडांना कुणी विचारलंही नसतं.