हायमास्टखालचा अंधार

जळगाव असो, धुळे असो की अमळनेर, चौक सुशोभीकरणाचा ठराव झाला की पहिली मागणी हायमास्टची येते. १६ मीटरचा खांब, वर सहा-आठ दणकट फिटिंग, उद्घाटनाच्या फोटोत चौक लख्ख. पाणीपुरीच्या गाडीमागे, निंबाखाली आणि शौचालयाच्या दाराशी मात्र काळोख तसाच. शेजारच्या झगमगाटाला डोळे सरावतात, त्यामुळे तो आणखी गडद वाटतो.

किती वॅट हे ठरवायच्या आधी रात्री आठनंतर इथून कोण निघून जातं, हे बघावं लागतं. हा प्रश्न पुढे आणण्यात स्त्री प्रकाशयोजनाकारांचा मोठा वाटा आहे. न्यूयॉर्कच्या लिनिया टिलेट या तर प्रकाशयोजनाकार असून पर्यावरण-मानसशास्त्रात डॉक्टरेट आहेत. आपल्याकडे २०१३ साली सुरू झालेल्या सेफ्टिपिन या शहरातली सुरक्षितता तपासणाऱ्या ॲपच्या पाहणीतही उजेडाबरोबर आजूबाजूला माणसं किती, त्यात बायका किती, फूटपाथ कसा, हे नोंदवलं जातं. जळगावच्या मेहरूण तलावाकाठचा फिरायचा रस्ता किंवा धुळ्यातला पांझरेचा काठ घ्या आणि त्याच वस्तीतल्या बायकांना घेऊन संध्याकाळी साडेसात आणि रात्री साडेनऊ, असा दोनदा चाला. कुठे पावलं भराभर पडू लागतात, कुठे रस्ता ओलांडून पलीकडे जावंसं वाटतं, तिथे नकाशावर खूण करा. दिवे आधी तिथे.

मग मोजणी. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, साधा लक्स मीटर आणा; एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते तो लक्समध्ये दाखवतो. चांदणं नसलेली रात्र निवडा, दिवे लागून अर्धा तास होऊ द्या. दोन खांबांमधल्या पट्ट्यात दर दोन मीटरवर जमिनीलगत वाचन घ्या. त्याच ठिकाणी दीड मीटर उंचीवर मीटर उभा धरून, चालणाऱ्याच्या तोंडासमोर, दुसरं वाचन घ्या. हे दुसरं वाचन बहुतेक जण घेतच नाहीत, आणि समोरून येणारा कोण हे त्यावरच कळतं. चेहऱ्यावर किमान ३ ते ५ लक्स पडावेत, म्हणजे चार-पाच मीटरवरून माणूस ओळखू येतो. रस्त्यांसाठीच्या आयएस १९४४ या भारतीय मानकात वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांना सरासरी ८ लक्स आणि किमान-सरासरी गुणोत्तर ०.३ दिलं आहे, म्हणजे सगळ्यांत अंधाऱ्या जागीही सरासरीच्या तीन दशांश उजेड हवा. गुणोत्तर बिघडलं की नुसती सरासरी वाढवून काही होत नाही.

हिशोब सोपा आहे. २५ वॅटचं, वॅटमागे ११० लुमेनचं (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) फिटिंग घेतलं तर २,७५० लुमेन. त्यातला साधारण ०.४ भाग वाटेवर पोचतो, धूळ आणि वयोमानाचा गुणक ०.७ धरा. उरले ७७०. चार मीटर रुंद वाट आणि १६ मीटर अंतरावर खांब, म्हणजे ६४ चौरस मीटरवर सरासरी १२ लक्स. पायवाटेला पुरेसे आहेत. खांब साडेचार मीटरचा घ्या, म्हणजे दिवा झाडाच्या छत्रीखाली राहतो. नऊ मीटरचा खांब निंबात घुसवला की उजेड फक्त पानांवर पडतो आणि मग दर पावसाळ्यानंतर फांद्या छाटायची बोंब सुरू.

उजेडाचा रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर पांढरा ठेवा. केळीच्या पट्ट्यात पावसाळ्यात किड्यांचे थवे येतात. निळसर पांढऱ्या दिव्याकडे ते जास्त ओढले जातात, आणि महिन्याभरात काचेवर थर बसतो. भाजीबाजारात मात्र सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ८० च्या खाली जाऊ नका. नाहीतर भरताचं हिरवं वांगं शिळं दिसतं आणि विकणारी बाई स्वतःचा उघडा बल्ब टांगते, तो सरळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत.

दिवे बंद पडतात ते बहुधा ड्रायव्हरमुळे, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. ड्रायव्हरमधला कपॅसिटर दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतो. म्हणून ५० अंश तापमानाला चालणारं फिटिंग मागा. विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारं १० केव्हीचं (किलोव्होल्ट) सर्ज संरक्षणही हवं, पण अर्थिंग नसेल तर ते नुसतं शोभेचं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो आणि खांबही कलतात. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. जंक्शन बॉक्सचं झाकण गुडघ्याच्या उंचीवर ठेवलं की ते हमखास चोरीला जातं. उघड्या तारा आणि साचलेलं पाणी यांची गाठ पडू देऊ नका.

टायमरचं दुखणं वेगळंच. सातला दिवे लावणारा पक्का टायमर जूनमध्ये चालतो, तेव्हा सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. डिसेंबराच्या सुरुवातीला तो पावणेसहालाच बुडतो. क्लासमधून निघालेल्या मुली आणि कामावरून परतणाऱ्या बायका मग पाऊण तास अंधारात चालतात. सूर्यास्तानुसार स्वतः बदलणारा टायमर लावा. फोटोसेल, म्हणजे अंधार पडला की दिवा लावणारा सेन्सर, वापरलाच तर झाडाच्या सावलीत नको.

निविदेत दोन ओळी घाला: पावसाळा संपल्यावर आणि होळीच्या आधी काचा पुसणं, आणि दर वीस फिटिंगमागे एक जास्तीचा ड्रायव्हर त्याच मेकचा साठ्यात. दोन वर्षांनी ते मॉडेल बाजारात मिळेलच असं नाही, आणि मग वायरमन हाताला लागेल तो दिवा बसवतो.