एक नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो

बाबांच्या मारुती ८०० चं इंजिन दोन महिने आमच्या पोर्चमध्ये लाकडी पाटावर होतं. हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) जाऊन पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं, ऑइल अगदी दुधाच्या चहासारखं दिसायला लागलेलं, मग म्हटलं उघडतोच आहे तर रिंगा, बेअरिंग सगळंच बघून घेऊ, म्हणून भाड्याने चेन कप्पी आणून इंजिन खालीच उतरवलं. हेड फेस करून, म्हणजे तळ सपाट करून आणलं, व्हॉल्व्ह घरीच लॅप केले, म्हणजे घासून नीट बसवले, नवीन गॅस्केट टाकून बोल्ट मधून बाहेर असे तीन टप्प्यांत कसले. इथपर्यंत सगळं नीट झालं. राहिलं टाइमिंग, म्हणजे पिस्टन, व्हॉल्व्ह आणि ठिणगी यांची वेळ जुळवणं, आणि मला भीती त्याचीच होती.

गल्लीतले एक काका आहेत, इंदूरच्या एका गॅरेजात जन्म काढलेला माणूस, आता निवृत्त. त्यांना बोलावलं तर ते खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "हात मी लावणार नाही, तू करून राहिलायस तर तूच कर." मला ते फार बरं वाटलं.

७९६ सीसी, तीन सिलिंडर, वर व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅम, खाली पिस्टनांना जोडलेला क्रँक. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, म्हणून कॅमच्या पुलीला दात बरोबर दुप्पट. बेल्टचं काम एवढंच की हे नातं सुटू द्यायचं नाही. क्रँकच्या पुलीवर बारीक ठिपका असतो, तो ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आणायचा, आणि कॅम पुलीवरची खूण मागच्या कव्हरवरच्या खुणेसमोर. तो ठिपका मळीखाली अजिबात दिसत नव्हता, रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन पुली घासली तेव्हा सापडला. काही जण ठिपका सोडून पुली दांड्यावर अडकवणाऱ्या चावीचा खाचाच खूण समजून बसतात, तसं करू नका.

खुणा जुळवायच्या आधी काकांनी रॉकरचे (कॅमच्या चालीने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांचे) टॅपेट स्क्रू सगळे ढिले करायला लावले. कारण व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमला ढकलत असते, खूण समोर आणून हात सोडला की कॅम आपोआप सरकतो. स्क्रू ढिले केले की कॅम मोकळा, जिथे ठेवाल तिथे राहतो.

मग बेल्ट चढवला, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेंशनरची स्प्रिंग लावली, खुणा समोरासमोर, मी नट कसायलाच निघालो होतो. काका म्हणाले, आधी हाताने दोन फेरे फिरव. क्रँकच्या बोल्टला पाना लावून सुलट्या दिशेने सावकाश दोन फेरे फिरवले आणि कॅमची खूण एक दात मागे! चूक अशी झाली होती की टेंशनर नसलेल्या बाजूला मी बेल्ट थोडा सैल ठेवला होता, फिरवल्यावर तो सैलपणा ओढला गेला आणि पुली मागे राहिली. ती बाजू ताठ हवी, सगळा सैलपणा टेंशनरकडे. बेल्ट काढून परत घातला, परत दोन फेरे, आता दोन्ही खुणा जागेवर. मग नट कसला.

इथून पुढे मी जे केलं त्यात आख्खा रविवार गेला. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, बसवायला एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर वर हवा. पिस्टन वर येतो दोनदा, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला, आणि डिस्ट्रिब्युटर कॅमच्या चालीने फिरतो त्यामुळे या दोन्हींत त्याच्या आतला रोटर अर्धा फेरा फिरलेला असतो. ओळखायचं कसं, तर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून क्रँक फिरवायचा, हवा अंगठा उडवते ते कॉम्प्रेशन. मी दाबला, हवा आली, डिस्ट्रिब्युटर बसवला, वायरी ठिणगीच्या क्रमाने १-३-२ लावल्या. दुसऱ्या दिवशी इंजिन गाडीत चढवून सेल मारला तर कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज, आई पोह्यांची ताटली घेऊन आली होती ती दचकून मागे झाली.

डोकं खाजवून खाजवून रात्री कळलं. टॅपेट ढिलेच होते ना मी अंगठा लावला तेव्हा! व्हॉल्व्ह उघडतच नव्हते, म्हणजे पिस्टन दर वेळी वर येताना हवा दाबणारच, एक्झॉस्ट असो की कॉम्प्रेशन, अंगठ्याला फरक काय कळणार. टॅपेट मी नंतर सेट केले होते, क्रम उलटा झाला होता. काकांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, आम्ही अंगठा कायम टॅपेट झाल्यावरच लावायचो, पण का ते कधी कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी परत अंगठा लावला. एका फेऱ्याला भप्प करून अंगठा उडाला, पुढच्याला काहीच नाही. भप्पवाल्यावर थांबवलं, एक नंबरचे दोन्ही रॉकर हाताने खुळखुळतायत का, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत का, तेही बघितलं, मगच डिस्ट्रिब्युटर काढून रोटर एक नंबरच्या वायरीसमोर येईल असा बसवला. दुसऱ्या सेलला गाडी सुरू. बाबा आतून चप्पल न घालताच बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, म्हणाले "बंद नको करूस, चालू दे जरा."

मग टाइमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवत आयडलिंगवर ठिणगीचं टाइमिंग बसवलं. बेल्टच्या कव्हरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, आणि त्याच्याखाली "आधी टॅपेट, मग अंगठा".