एका तासाचा हिशोब

2024 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या एका कारखान्याचं ऑफर लेटर आलं. महिन्याला 3,500 युरो. त्या आठवड्यात युरो 92 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे 3 लाख 22 हजार. मी नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन. आयटीआय, चौदा वर्षांची नोकरी, ओटी (ओव्हरटाइम) धरून हातात 28,740. शेजाऱ्यांनी पेढे मागितले. मीही दोन दिवस त्याच आकड्यावर तरंगत होतो.

तिसऱ्या रात्री जेवणं आटोपल्यावर फुलस्केप वही उघडली, डावीकडे आम्ही राहतो ते कळवा लिहिलं, उजवीकडे जर्मनी. करार नीट वाचला तेव्हा एक ओळ डोळ्यांत भरली: आठवड्याचे 35 तास. माझे आठवड्याचे अठ्ठेचाळीस, आणि वर ओटी. पगार दोन्हीकडे महिन्याचा असला तरी महिना सारखा नव्हता. म्हणून ठरवलं, महिना सोडायचा आणि एका तासाला हातात काय पडतं ते काढायचं.

आधी तिकडची कपात. लग्न झालेलं असलं तरी बायको युरोपात राहत नसेल तर करवर्ग पहिलाच लागतो, म्हणजे एकट्या माणसाचा. पेन्शनला 18.6 टक्के, त्यातला निम्मा वाटा कामगाराचा. शिवाय आरोग्य विमा, बेरोजगारी विमा, म्हातारपणी लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा. सगळं जाऊन सुमारे 2,300 युरो उरतात. (पेन्शनचे पैसे बुडीत धरू नका. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे, त्यामुळे परत आलं तरी त्यावरचा हक्क राहतो.) महिन्याचे 152 तास धरले तर तासाला 15 युरोंच्या थोडं वर, म्हणजे जवळजवळ 1,390 रुपये.

इकडे सव्वीस दिवस, आठ तास, म्हणजे 208. त्यात 36 तास ओटी. एकूण 244. तासाला 118 रुपये.

बायको मुलीची दप्तरं आवरत होती. वहीत डोकावून म्हणाली, "अहो, ट्रेनचे तास कुठे धरलेत?"

खरंच धरले नव्हते. सकाळी कळव्याहून ठाणे, मग ट्रान्स-हार्बरने रबाळे, उतरून शेअर रिक्षा. संध्याकाळी हेच उलटं. रोजचे पावणेदोन तास, महिन्याचे पंचेचाळीस. ते मिळवले आणि 99 रुपये आले. ती काही बोलली नाही. माझ्या हातातलं पेन घेऊन त्या 99 खाली दोन रेघा मारल्या.

पण 1,390 हा आकडाही फसवा आहे, कारण तिथे खर्च रुपयांत करायचा नसतो. माझ्या जर्मन क्लासमधला एक मित्र आधीच स्टुटगार्टजवळ गेला होता. त्याला रोज एक भाव विचारायचो आणि त्याची मिनिटं करायचो. कळव्यात लिटरभर गाईचं दूध 56 रुपयांना, म्हणजे माझी साधारण अठ्ठावीस मिनिटं. तिथे 1.15 युरो, पाच मिनिटंसुद्धा नाहीत. केस कापायला इकडे शंभर रुपये, पन्नास मिनिटं. तिथे 25 युरो, म्हणजे तब्बल शंभर मिनिटं! आधी वाटलं आकडा चुकला. मग उमगलं की केस कापणाऱ्याचा तासही तिथे स्वस्त नाही. 2024 मध्ये तिथलं किमान वेतन तासाला 12.41 युरो होतं, कोणत्याही कामाला. माणसाचे हात लागतात ते सगळं म्हणूनच महाग. मला हे मनापासून पटलं. माझेही हातच विकले जातात.

खोलीभाडं 750, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी 18.36, तेव्हाचं 49 युरोंचं बस-ट्रेनचं मासिक तिकीट, किराणा, फोन. हात आखडून राहिलं तर हजार युरो घरी पाठवता येतील. 3 लाख 22 हजारांचे झाले 92 हजार. पेढ्यांची गोष्ट निघाली की मी आता हाच आकडा सांगतो.

सुट्ट्यांनी मात्र मला हलवलं. करारात वर्षाला तीस दिवस भरपगारी रजा, कारखान्याच्या राज्यातल्या बारा सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. आजारी पडलं तर सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो आणि ते दिवस रजेतून कापत नाही. मागच्या पावसात मला डेंग्यू झाला होता. अकरा दिवस. प्लेटलेट्स खाली गेलेल्या, सलाईन लावलेलं, आणि मी बायकोला विचारत होतो की रजा किती शिल्लक आहे. सहा होती. पाच दिवसांचा पगार गेला. वर्षाचा ताळा केला तर तिकडचे सुमारे 1,525 तास, इकडचे 2,740. बाराशे तासांचा फरक. आठाच्या पाळीने दीडशे दिवस. माझी मुलगी सात वर्षांची आहे.

बाबांना हे 35 तासांचं प्रकरण वाचून दाखवलं. धातू कामगारांच्या संघटनेने, आयजी मेटालने, 1984 मध्ये त्यासाठी संप केला आणि पूर्ण 35 तास 1995 मध्ये पदरात पडले. बाबा परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉक्टर सामंतांच्या मागे बाहेर पडले, ते पुन्हा आत गेलेच नाहीत. पुढे वागळे इस्टेटमध्ये हेल्पर म्हणून लागले. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्यांचा संप झाल्यावर कारखाने चालू राहिले ना?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि उठून गॅलरीत गेले.

आता मुख्य गोष्ट. जर्मन कराराची ओळ न् ओळ तपासायची सवय लागली, म्हणून स्वतःची पेस्लिपही तशीच तपासली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. पगार 26,000, त्यात बेसिक 13,000 आणि बाकी निरनिराळे भत्ते. ओटीच्या रकान्यात "डबल" लिहिलेलं, 36 तासांचे 4,500, म्हणजे तासाला 125. आणि 26,000 भागिले 208 किती? तेही 125! दुप्पट केली होती ती नुसत्या बेसिकची. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 59 सांगतं की ओटीचा दर नेहमीच्या वेतनाच्या दुप्पट, आणि नेहमीचं वेतन म्हणजे बेसिक अधिक भत्ते. बोनस आणि ओटीचे पैसे तेवढे वगळायचे. म्हणजे तासाला 250 हवे होते. महिन्याला 4,500 कमी, वर्षाला 54,000. आणि मी हा तास परक्या देशाशी तोलत बसलो होतो.

एचआरला लेखी विचारलं. पोच घेतली. उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा दिलं, या वेळी आम्हा सहा जणांच्या सह्यांनी.

ऑफरवर मी सही केली आहे. व्हिसाचे कागद चालू आहेत. बायको आणि मुलगी वर्षभराने येतील असं ठरलंय. पण राजीनाम्याआधी ओटीचा तिढा सोडवून जायचा आहे. गेल्या रविवारी पाच जण पेस्लिपा घेऊन घरी आले होते. जमिनीवर चटई टाकून एकेकाचा तास काढला. कोणाचा 104, कोणाचा 111. कंत्राटदाराकडचा एक पोरगाही आला होता, दिघ्याचा, एकवीस वर्षांचा. त्याच्याकडे स्लिपच नव्हती. खात्यात किती जमा होतात ते त्याला माहीत होतं, किती तासांचे ते नव्हतं. मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून त्याला दिली आणि वर तीन रकाने आखून दिले: आत, बाहेर, सही. तिसऱ्या रकान्यात सही कोणाची घ्यायची, यावर आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बोलत बसलो.