भाचीला घेऊन वेळासला

आम्हाला मूल नाही. डॉक्टर, तपासण्या, नवस-सायास सगळं करून झालं आणि काही वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी तो विषय मिटवला. आता त्यात दुखण्यासारखं फारसं उरलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण मार्चमध्ये शनिवार-रविवारला एक सुट्टी जोडून आम्ही नणंदेच्या मुलीला वेळासला नेऊन आणलं. तिथले फोटो पाहिल्यापासून "बघ, किती रमलात, अजूनही विचार करा" हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय, की मनातलं एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं.

मुलीला इथे मनू म्हणते. खरं नाव नेटवर नको असं तिच्या आईचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. मनू सात वर्षांची, दुसरीत. दिवाळीनंतर तिला भाऊ झाला आणि तेव्हापासून त्या घरात "हळू गं, बाळ झोपलंय" हे वाक्य दिवसभर चालू असतं. एका रात्री नणंदेचा फोन आला. "वहिनी, हिला जरा कुठेतरी घेऊन जाल का? बिचारी नुसती खिडकीत बसून असते."

पूर्वी असं सांगायला लागत नसे. परीक्षा संपली की पोरं मामाकडे जाणार हे ठरलेलंच. पण आता मामा कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. विहीर नाही, गोठा नाही, चढायला झाड नाही. त्यामुळे मामाला गाव शोधावं लागलं. मनूला कासवांचं भयंकर वेड, म्हणून वेळास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेळास हे मंडणगड तालुक्यातलं छोटंसं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. एके काळी ही अंडी माणसं खात, विकत; उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ही घरटी राखायला सुरुवात केली, आणि 2006 पासून पिल्लं समुद्रात जाताना बघायचा कासव महोत्सव भरायला लागला. आता गावातल्या घराघरांतून पाहुण्यांची सोय होते.

निघायच्या आधी नणंदेने एक कागद दिला. मनूचं वजन, तापाचं औषध, त्याचा डोस, कशाची ॲलर्जी, रात्री लागणारी गोधडी. वजन लिहिलं ते फार बरं केलं, कारण लहान मुलांना तापाचं औषध वजनावर देतात आणि ते मामा-मामीला कुठून ठाऊक असणार! सोबत आधारची प्रत आणि आई-बाबा दोघांच्या सह्यांची चिठ्ठी: मुलगी यांच्यासोबत आहे, गरज पडली तर डॉक्टरांकडे निर्णय हे घेतील. दुसऱ्याचं मूल घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने असा कागद मागून घ्यावा. देणाऱ्यालाही धीर येतो.

मुळशी मागे पडली, ताम्हिणीची वळणं लागली आणि मनूला उलटी झाली. फ्रॉक, सीट, सगळं. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली, मी तिला झाडाखाली उभं करून बाटलीतल्या पाण्याने धुतलं. ती थरथरत होती, पण बोलली ते वेगळंच. "मामी, आईला सांगू नको हं. ती म्हणेल, मी म्हटलंच होतं." मी म्हटलं, तुला वाटेल तेव्हा तूच सांग. तिने आवळासुपारी तोंडात टाकली, कपडे बदलले आणि माणगाव येईपर्यंत झोपली.

बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला उतरायचं. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. कठड्यापाशी एका बाईंनी मनूला विचारलं, "कोणावर गेलीस गं? आईवर की बाबांवर?" मनू ताठ उभी राहिली. "हे माझे आईबाबा नाहीत. हा माझा मामा आणि ही माझी मामी. आई घरी आहे, आमचं बाळ लहान आहे." बाई माझ्याकडे वळल्या. "मग तुमची मुलं?" नाहीत म्हटलं. "होईल हो," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मला खरंच त्यांना सांगायचं होतं, की मनूने आत्ता जे सांगितलं ते पूर्ण आहे, त्यात काही कमी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मामा-मामी, आत्या, काका ही माणसं आईबापांची बदली माणसं नव्हेत, की मूल नसल्याची भरपाईही नव्हेत. त्या नात्याचं स्वतःचं काम आहे आणि ते दुसऱ्या कोणाला करता येत नाही. माझा हा विचार पक्का झाला तो त्या रात्री.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो होतो. कुंपण घातलेली हॅचरी, म्हणजे अंडी वाळूत पुरून राखायची जागा, आत एकेका घरट्यावर पालथी घातलेली टोपली. सगळे श्वास रोखून उभे. घरटी राखणाऱ्या कासवमित्राने एकेक टोपली उचलली. खाली सपाट वाळू. एकही पिल्लू नाही. "एवढ्या लांबून आलो" अशी कुरकुर करत लोक पांगले. मनू मात्र त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. "का नाही आली?" तो दादा उकिडवा बसला आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन म्हणाला, "मादी एका वेळी शंभरेक अंडी घालून जाते. मग पंचेचाळीस ते साठ दिवस, वाळू किती तापतेय त्यावर. आणि अंडं फुटलं तरी वाळू उकरत वर यायला त्यांना काही दिवस लागतात. आत्ता आपल्या पायाखाली त्यांचं काम चालू असेल." मनूने हळूच पाय मागे घेतले.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि घरच्या काकूंनी खास मनूसाठी केलेले उकडीचे मोदक. तोवर सगळं ठीक होतं. दिवा मालवला आणि रडू सुरू झालं. मोठ्याने नाही, तोंडावर गोधडी घेऊन. आईला फोन लावू म्हटलं तर रेंज फक्त अंगणाच्या टोकाला, आणि मनूच म्हणाली, "नको, बाळ उठेल." मला सुचेना. तेव्हा नवरा अंधारात म्हणाला, "मनू, तुझ्या आईने माळ्यावर कुत्र्याचं पिल्लू लपवलं होतं, माहितेय?"

हुंदका थांबला. "कधी?"

"तुझ्याएवढी होती तेव्हा." मग त्याने सगळं रंगवून सांगितलं. खोक्यात घातलेलं आजीचं जुनं लुगडं, स्वतःच्या कपातलं चोरून नेलेलं दूध, आणि घरात सत्यनारायणाची पूजा चालू असताना भटजींच्या डोक्यावर माळ्यातून आलेला भुंकण्याचा आवाज. भटजी थांबले. आजोबांनी वर पाहिलं. मनूची आई प्रसादाची वाटी हातात घेऊन पुतळ्यासारखी उभी. "मग आजी काय म्हणाली?" मनू उठूनच बसली होती. मग दुसरी गोष्ट, मग तिसरी, आणि मधेच कुठेतरी ती झोपली.

मी जागीच होते. या गोष्टी मीही पहिल्यांदाच ऐकत होते. मनूची आई हे कधी सांगणार नाही, तिला आता शिस्त लावायची आहे. मनूच्या बाबांना ते माहीत नाही. आईचं लहानपण पाहिलेला, तिच्याशी मारामारी केलेला माणूस म्हणजे मामा. आई आठवून रडणाऱ्या मुलीला त्याने सात वर्षांची आई आणून दिली.

सकाळी पुन्हा किनारा. पहिलीच टोपली उचलली आणि खालची वाळू हलत होती. काळपट राखाडी, मनूच्या मुठीत मावतील एवढी पिल्लं. मनूने मोजली, चौदा. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. पाण्यात नेऊन सोडत नाहीत, थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात; समुद्रापर्यंत त्यांचं त्यांनी चालायचं. एक पिल्लू लाटेपर्यंत पोचलं आणि लाटेनेच उलटंपालटं होऊन मागे आलं. मनूने माझं बोट आवळलं. ते सरळ झालं, पुन्हा निघालं.

"मामी, त्यांची आई कुठेय?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. समुद्रात, म्हटलं, अंडी घालून ती निघून जाते. मनूने थोडा विचार केला. "मग समुद्र कुठल्या बाजूला आहे हे यांना कोण सांगतं?" कालचाच दादा शेजारी होता. समुद्राकडची बाजू जास्त उजळ दिसते, त्या उजेडाकडे ती जातात, म्हणून इथे फ्लॅश मारायचा नाही, असं त्याने सांगितलं. मनूने लगेच मागच्या काकांना फोन खाली ठेवायला लावला.

परतताना बाणकोटच्या किल्ल्यावर थांबलो. इंग्रजांनी याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं. लाल जांभ्याचा तट आणि खाली खाडीचं मुख. मामा बुरूज बघायला गेला तेव्हा मी मनूची वेणी घालत होते. पाठमोरी बसून ती म्हणाली, "बाळाचा वास छान येतो. पण सकाळी आता बाबा वेणी घालतात. शाळेत जाईपर्यंत सुटते." मी फक्त "हं" म्हटलं. "आईला तू सांग," ती म्हणाली. "मी सांगितलं तर तिला वाईट वाटेल."

आईला वाईट वाटू नये म्हणून जपलेली गोष्ट मुलाने सांगायची कुणाला? घरातलंच, पण घराबाहेर राहणारं माणूस लागतं. माझं आणि मनूचं रक्ताचं काहीच नातं नाही. तरी ती ही गोष्ट मामाला नाही, मला सांगून मोकळी झाली.

घरी सोडल्यावर नणंदेला स्वयंपाकघरात गाठून मी ते सांगितलं. ती मान खाली घालून बाळाच्या बाटल्या उकळत राहिली, मग म्हणाली, "उद्यापासून मी घालते." उलटीचं मनूने स्वतःच सांगितलं, तेही पिल्लांचं सगळं सांगून झाल्यावर.

गेल्या रविवारी नणंदेचा फोन आला, माझ्या नवऱ्याला. वेणी रोज घट्ट बसतेय, बाळाचा पहिला दात आलाय. "पण दादा, ते पिल्लाचं तिला का सांगितलंस? आता ही रोज माळ्यावर काय काय ठेवता येईल ते बघत असते." मागून मनूचा आवाज आला, "मामाला विचार, ते पिल्लू मग राहिलं कुठे?"

ते पुढे आठ वर्षं त्यांच्याच अंगणात राहिलं. ही गोष्ट मामाने राखून ठेवली आहे, दिवाळीच्या सुट्टीसाठी.